डिफेन्सला ३ टक्के हवेत का? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-२०२: खाली पार्किंगमध्ये विषय अर्धवट राहिला म्हणून इथे लिहितोय. २०२५-२६ च्या बजेटमध्ये संरक्षणाला ६.८१ लाख कोटी दिलेत, ऐकायला मोठा आकडा पण जीडीपीच्या २ टक्क्यांच्या आतच आहे. चीन पाकिस्तान दोन्हीकडे असताना ३ टक्के तरी पाहिजेत. १९६२ ला हात आखडता घेतला त्याची किंमत जवानांनी मोजली, बर्फात सुती युनिफॉर्मवर लढले बिचारे, मग यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलवावं लागलं.

बी-४०१: दादा पटतंय, पण आरोग्याचं काय? २०१७ च्या धोरणात लिहिलं होतं २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर नेऊ, अजून तिथवर पोचलो नाही. सिव्हिलला रांगेत उभं राहून बघा एकदा.

सी-१०३: नमस्कार. मी फौजेत होतो म्हणून बोलतो. त्या ६.८१ मधले १.६० लाख कोटी पेन्शनचे, आणि विमानं, जहाजं, तोफा अशा नव्या खरेदीला साधारण १.८०, बाकी पगार, रेशन, डिझेल, स्पेअर पार्ट. आता ऐका, २०२४-२५ ला खरेदीसाठी १.७२ लाख कोटी ठेवले होते, ते नंतर १.५९ वर आणले कारण पैसे खर्चच होईनात. ८३ तेजस लढाऊ विमानांची ऑर्डर २०२१ ला दिली, अमेरिकेतून इंजिनं वेळेत आली नाहीत आणि इकडे सप्टेंबर २०२५ ला जुनी मिग-२१ विमानं रिटायर झाली. हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, पाहिजेत तिथे ३० सुद्धा उरल्या नाहीत. ह्यात टक्का वाढवून काय होणार सांगा, विमान तर कारखान्यातून बाहेर पडलं पाहिजे ना

ए-२०२: काका मग पेन्शन कमी करायचं का?

सी-१०३: अजिबात नाही. ऐन तिशी-पस्तिशीत घरी पाठवता जवानाला, पेन्शन त्याच्या हक्काचं आहे.

बी-४०१: मग उपाय काय सुभेदार काका?

सी-१०३: ताई, ३१ मार्चला उरलेले पैसे परत जातात ते आधी थांबवा. १५ व्या वित्त आयोगाने ह्यासाठी वेगळा फंड सुचवलाय, वर्ष संपलं तरी लॅप्स न होणारा. तो सुरू करा, खरेदीच्या फायली वेळेत हलवा, आणि तरी कमी पडले तर ३ टक्के मागायला मीच पुढे असेन.

बी-४०१: ह्याला माझा पाठिंबा. फक्त वाढीव पैसे आरोग्यातून काढू नका एवढंच.