साडेसहा वर्षांचा मुलगा अंथरूण ओले करतो. संध्याकाळचे पाणी तोडणे योग्य आहे काय?

प्रश्न : एक आई, यवतमाळ जिल्हा

आमचा मुलगा साडेसहा वर्षांचा असून पहिलीत शिकतो. दिवसा त्याची काहीच तक्रार नसते. परंतु रात्री आठवड्यातून पाच-सहा वेळा अंथरूण ओले होते, आणि सलग आठ दिवस कोरडे गेले असे आजवर एकदाही घडलेले नाही. रात्री बारा वाजता आणि पुन्हा तीन वाजता मी त्याला उचलून मोरीपर्यंत नेते. तो उभ्याउभ्या झोपेतच लघवी करतो, सकाळी विचारले तर उठल्याचेही त्याला आठवत नाही, आणि तरीही पाच वाजता हात लावून पाहावा तर वाकळ ओलीच.

सासूबाईंनी काळे तीळ आणि गूळ देऊन पाहिले. आता त्यांनी दुपारी चारनंतर त्याचे पाणी बंद केले आहे. ऊन एवढे तापू लागलेले असताना लेकरू तहानेने रांजणाभोवती घुटमळते, ते मला पाहवत नाही. त्याचे बाबा रागावतात, क्वचित हातही उचलतात. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळे अंगणात बाजा टाकून झोपतात, त्यामुळे आता झाकून ठेवण्यासारखे काही उरणार नाही. मोहल्ल्यातली पोरे त्याला ‘मुतऱ्या’ म्हणू लागलीच आहेत, आणि मामाच्या लग्नाला यायचेच नाही असे त्याने सांगून टाकले आहे. डॉक्टरांना दाखवावे, की वयाबरोबर हे आपोआप जाईल?

उत्तर १ : निवृत्त अंगणवाडी सेविका, वर्धा जिल्हा

ताई, सर्वप्रथम मारणे थांबवावे. झोपेत होणारी गोष्ट मूल मुद्दाम करीत नाही, आणि भीतीने ती वाढते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. ओली वाकळ दर्शनी तारेवर टाकू नका, परसात वाळवा. वाकळीवर औषधाच्या दुकानात मिळणारे रबरी कापड आणि त्यावर जुन्या सुती लुगड्याची घडी घाला, म्हणजे रोज धुण्याचे ओझे एका घडीपुरते उरेल. आणखी एक विचारते, राग मानू नका : घरात लहानपणी हा त्रास आणखी कोणाला होता, याची सासूबाईंकडे चौकशी केली आहे काय?

उत्तर २ : बालरोगतज्ज्ञ, ग्रामीण रुग्णालय

वरील प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण हा त्रास घराण्यात चालतो. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी तो असल्यास मुलाला होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, दोघांनाही असल्यास ७७ टक्क्यांच्या आसपास मानली जाते. पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी साधारण १५ मुले अंथरूण ओले करतात, आणि त्यानंतर दरवर्षी अशांपैकी सुमारे १५ टक्के मुले कोणत्याही औषधाविना कोरडी होतात. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक स्रवते. काही मुलांत ते रात्री पुरेसे वाढत नाही, काहींची मूत्राशयाची पिशवी लहान असते, आणि बहुतेकांची झोप एवढी गाढ असते की पिशवी भरल्याची सूचना त्यांना जागे करीत नाही. तुमच्या मुलाच्या वयाला पिशवीत सुमारे २०० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम पेलाभर लघवी मावते.

चारपासून पाणी तोडणे चूक आहे. दिवसाचे बहुतेक पाणी सकाळी व दुपारी, शाळेत असतानाही, त्याने भरपूर प्यावे. केवळ झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत बेताने द्यावे आणि संध्याकाळचा चहा बंद करावा. (आपल्याकडे लेकरांना चहा कपाने मिळतो, म्हणून मुद्दाम लिहितो.) दिवसा दर दोन-तीन तासांनी आणि झोपताना लघवीला पाठवावे. मध्यरात्री उचलून नेल्याने त्या रात्रीपुरती वाकळ वाचते, पण अर्धवट झोपेतल्या मुलाला त्यातून सवय लागत नाही; नेलेच तर पूर्ण जागे करून, त्याच्या पायांनी चालवत न्यावे.

एक गोष्ट घरात कोणी विचारीत नाही, ती म्हणजे शौच. बद्धकोष्ठ असेल तर भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते, आणि ते बरे केल्यावर अंथरूणही कोरडे होऊ लागल्याचे वारंवार दिसते.

लघवीची तपासणी मात्र एकदा अवश्य करावी. जळजळ, दिवसाही कपडे ओले होणे, घोरणे, किंवा सहा महिने कोरडे राहिल्यावर पुन्हा सुरुवात होणे, यांपैकी काही असल्यास विलंब नको. तहान फार वाढून वजन उतरत असेल, तर मधुमेहासाठी त्याच दिवशी तपासावे. ओल लागताच वाजणारा गजर हा टिकाऊ उपाय आहे. परंतु त्याला दोन-तीन महिने लागतात आणि सुरुवातीला मोठ्या माणसाला उठून मुलाला जागे करावे लागते. लग्नासारख्या प्रसंगापुरती, रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिनची गोळी देता येते. तिच्यासोबत रात्री जास्त पाणी गेले तर रक्तातील सोडियम उतरून झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

उत्तर ३ : एक वडील, गडचिरोली जिल्हा

आमच्या मुलीचेही आम्ही असेच पाणी तोडले होते. पुढे हातपाय ठणकू लागले म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासले, तेव्हा सिकलसेलचा, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार निघाला. या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून रात्री ती जास्त होते. आणि पाणी कमी पडले की वेदनांचा झटका येतो. म्हणजे आम्ही जो उपाय समजत होतो, तोच तिला दुखवीत होता. पूर्व विदर्भात आणि यवतमाळकडेही हा आजार आढळतो, तेव्हा ताई, ही तपासणी एकदा करून घ्यावी.

उत्तर ४ : प्रश्नकर्ती आई

सर्वांचे आभार. सिकलसेलची तपासणी झाली, दोष निघाला नाही. लघवीही स्वच्छ आहे. शौच मात्र तीन-तीन दिवसांनी होत होते, हे आम्ही नीट विचारल्यावर कळले, त्यावर औषध सुरू केले आहे. रांजणावरची बंदी उठली. सासूबाईंना काल विचारले, तेव्हा त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “याचा बाप चौथीपर्यंत भिजवत होता.” हे ओसरीत बसलेल्या त्याच्या बाबांनी ऐकले. रात्री लेकराला मोरीकडे घेऊन तेच गेले.