सक्सीड : यश की वारसा?

मोगरा : किंग जेम्स या इंग्रजी बायबलचा (1611) एक उतारा मराठीत आणतेय. यहोशवाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, आठव्या वचनात 'गुड सक्सेस' आहे. मी 'चांगलं यश' लिहिलं. संपादक म्हणतात 'चांगलं' काढा, यश कधी वाईट असतं का? मला तो शब्द गाळायचा नाही. काय करू?

दप्तरदार : मुळीच गाळू नका. त्या काळी सक्सेस म्हणजे नुसता परिणाम, बरा किंवा वाईट. सक्सेस आणि सक्सीड यांच्या मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ पाठोपाठ जाणे. 1952 साली ब्रिटनची राणी एलिझाबेथ वडील सहाव्या जॉर्जना 'सक्सीड' झाली, म्हणजे त्यांच्यामागून गादीवर आली, ती याच अर्थाने. एका मुद्रितात 'एलिझाबेथ वडिलांवर यशस्वी झाली' हे वाक्य मी स्वतः दुरुस्त केलंय.

सातारकर : मला तर हा आपला 'सिद्ध'च वाटतो. कार्य सिद्धीस जाणे, सक्सीड होणे. उच्चार बघा की!

दप्तरदार : उच्चारावर जाऊ नका. 'सीड'मधल्या 'स'च्या जागी अभिजात लॅटिनमध्ये 'क' होता, 'सुक्केडेरे'. शिवाय प्रोसीड (पुढे जाणे), रिसीड (मागे हटणे) ही त्याचीच भावंडं. त्यांत सिद्धी कुठून आणणार?

पैठणी : आपल्या 'यशा'नेही अर्थ बदललाय. संस्कृतात यश म्हणजे कीर्ती. भगवंताच्या सहा गुणांतलं यश तेच. आजी गावच्या वैद्यांबद्दल म्हणायची, "त्यांच्या हाताला यश आहे." शिवेपलीकडे त्यांना कुणी ओळखत नव्हतं, पण पोराचा ताप उतरला नाही की रात्री-अपरात्री त्यांनाच उठवायचे.

सातारकर : मग सरळ 'फत्ते' लिहा.

शब्दनिष्ठ : बायबलात अरबी कशाला? फत्ते अरबी, वारसही अरबी. 1925च्या कायद्याला आपण 'भारतीय उत्तराधिकार अधिनियम' म्हणतोच ना?

सातारकर : कायद्यात म्हणा. तलाठ्याकडे माणूस वारसनोंद करायलाच जातो. बाप गेल्यावर सातबाऱ्याला नाव लावताना 'उत्तराधिकारी' म्हणणारा शेतकरी मला दाखवा.

शब्दनिष्ठ : रुळला म्हणून चांगला शब्द बाजूला सारायचा का? वापरलाच नाही तर रुळेल कसा?

मोगरा : 'सुफळ' कसा वाटतो? फळ बरंही असतं, वाईटही. 'सु' लावला की 'गुड' जागेवर राहतो.

दप्तरदार : अर्थाने चोख. पण मराठी कानाला लगेच श्रावणातली कहाणी ऐकू येते, "साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण". यहोशवाशी बोलणाऱ्या देवाच्या तोंडी ते कसं शोभेल?

पैठणी : शोभेल की, शब्द काय एका देवाचा असतो? पण 'पाचा उत्तरी' कुठलं? आमच्याकडे 'पाची उत्तरी'च म्हणतात.

सातारकर : आमच्याकडे 'पाचा'च. आई दर शुक्रवारी वाचते.