‘औदुंबर’ शिकवताना आधी काय: चरित्र, संदर्भ की नुसत्या आठ ओळी?

पेठकर_३०

बालकवींची कविता समोर हवी म्हणून आधी तीच देतो.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

माझं म्हणणं असं की वर्गात पहिल्या दोन तासांत ‘निसर्गकवी’, औदासीन्य, विरक्ती, दत्त यांपैकी एकही शब्द उच्चारू नये. पुण्यातल्या एका प्रथम वर्ष बी.ए.च्या मुलीने या कवितेवर लिहिलेली तीन टिपणं वाचून हे मत पक्कं झालं. पहिल्यात ‘कवीने खेड्याचे रमणीय चित्र रेखाटले आहे’ असं होतं. दुसऱ्यात औदुंबर विरक्त योगी झाला आणि डोह म्हणजे मृत्यू. तिसरं टिपण सुरू झालं ते ‘पसरी’चा कर्ता कोण, या प्रश्नापासून. पहिलं टिपण वरवरचं, पण प्रामाणिक आहे. दुसरं नोट्समधून उचललेलं आहे.

तिसऱ्यापर्यंत पोचायची वाट साधी आहे. कविता हाताने उतरवायची, दोन ओळींत भरपूर जागा सोडायची. क्रियापदांखाली रेघ मारायची: वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. (गावाच्या ओळीला क्रियापदच नाही, हेही तेव्हाच दिसतं.) मग प्रत्येकाचा कर्ता कडेच्या समासात लिहायचा. झरा वाहतो, गर्दी लागली, पायवाट पडे आणि पुढे तीच चालली. सातव्या ओळीपाशी हात थांबतो. बहुतेक मुलं ‘काळिमा पसरतो’ लिहून मोकळी होतात. पण तसं असतं तर ‘पसरे’ आलं असतं, जसं पायवाटेला ‘पडे’ आलं आहे. ‘पसरी’ म्हणजे काळिमा कुणीतरी पसरतंय. ते ‘कुणीतरी’ कवितेच्या अगदी शेवटच्या शब्दात येतं. तोवर पाण्यावरचा काळोख दिसतो, करणारा दिसत नाही. हे लक्षात आलं की ‘रमणीय चित्र’ अपुरं वाटतं, आणि सगळ्यातून अंग काढून घेतलेला योगीही टिकत नाही, कारण हा औदुंबर काहीतरी करतो आहे.

एरंडवणे_वाचक

कर्त्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. निष्कर्ष मान्य नाही.

मराठी वाचक या झाडापाशी कोऱ्या मनाने येत नाही. उंबराखाली दत्ताचा वास, हे घरातच कानावर पडलेलं असतं. नरसोबाची वाडी, सांगली जिल्ह्यातलं औदुंबर, दोन्ही क्षेत्रं कृष्णाकाठची. आता पाण्याकाठी पाय सोडून कुणी ‘बसला’ आहे असं वाचल्यावर ती आठवण जागी होणारच. दोन तास ती दाबून ठेवा म्हणणं म्हणजे मुलीला स्वतःच्याच भाषेत परकं करणं आहे. तिचं दुसरं टिपण कच्चं असेल, पण त्यातला योगी ‘पाय टाकुनी बसला’ या शब्दांतूनच उठला आहे.

शिवाय एक गोष्ट फक्त ओळींवरूनच सांगतो. कवितेत घरं आहेत, शेतं आहेत, वाट आहे, म्हणजे सगळ्या माणसाच्या खुणा आहेत. माणूस मात्र एकही नाही. पाय आहेत ते झाडाला. असं झाड साधं झाड राहत नाही.

पेठकर_३०

माणूस नाही हे निरीक्षण फार मोलाचं आहे. आणि ते संदर्भाशिवाय मिळालं, हेही बघा.

चरित्र आधी सांगितलं की काय बिघडतं त्याचं उदाहरण देतो. बालकवी ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेखाली गेले, सत्तावीस वर्षांचे असताना. हे एकदा कानावर पडलं की ‘काळ्या डोहाकडे’ जाणारी पायवाट मुलांना थेट मृत्यूकडे जाताना दिसते. कविता लिहिणाऱ्याला तो अपघात ठाऊक असणं शक्य नव्हतं. तरी उत्तरपत्रिकांत तो उतरतोच, आणि मग ‘गोड काळिमा’मधल्या ‘गोड’चं काय करायचं ते कुणालाच समजत नाही, म्हणून तो शब्द गाळला जातो.

मात्रामोजणी

तुम्ही दोघंही डोळ्यांनी वाचताय. जरा मोजून बघा.

प्रत्येक ओळ ८+८+८ मात्रा आणि शेवटी तीनचा तुकडा. (‘तुन’, ‘वर’, ‘बर’ इथे दोनच भरतात, शेवटचं अक्षर लांबवलं की तीन होतात.) ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन. आता पहिल्या आठ मात्रा कुठे संपतात ते पाहा. ‘ऐल तटावर’, ‘निळासांवळा’, ‘चार घरांचे’, ‘शेतमळ्यांची’, ‘झांकळुनी जळ’, ‘पाय टाकुनी’: सहा ओळींत शब्द तिथेच पुरा होतो. मोडतो फक्त पाचव्या आणि सहाव्या ओळीत: ‘पायवाट पां | ढरी’, ‘हिरव्या कुरणां | मधुनि’. या दोनच ओळी पायवाटेच्या आहेत. वाट अडवीतिडवी जाते तिथे चालही अडखळते, आणि डोहापाशी पोचल्यावर पुन्हा संथ होते.

मुलांचं चुकतं ते शाळेतल्या ठरीव चालीत कविता म्हणतात म्हणून. त्या हेलकाव्यात आठही ओळी सारख्याच ऐकू येतात. आधी सपाट, बोलल्यासारखी वाचून घ्यावी. मोजायला बसवावं ते त्यानंतर.

कोथरूड_मास्तर

याला मी अतिवाचन म्हणेन. मात्रावृत्तात शब्द गणाच्या, म्हणजे मात्रांच्या ठरलेल्या तुकड्याच्या, सीमेवर मोडणं नेहमीचं आहे. ‘घे | ऊन’ पहिल्याच ओळीत मोडलंय, ‘टेकडी | कडे’ तिसऱ्या ओळीत. तिथे कुठली वाट आहे?

आणि व्यवहाराचं बोलू. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात क्रियापदांचे कर्ते समासात लिहून घ्यायचे, मग मात्रा मोजायच्या, हे तासाभरात बसत नाही. मुलांना परीक्षेत रसग्रहण लिहायचं असतं. त्यांना एक धागा हातात द्यावा लागतो.

मात्रामोजणी

‘घेऊन’, ‘टेकडीकडे’ मोडतात ते चोवीस मात्रांवर, ओळ संपता संपता. तिथे बऱ्याच ओळी मोडतात, म्हणून मी ती जागा धरलीच नाही. पहिल्या आठांवर मोडणाऱ्या ओळी आठांत दोनच आहेत आणि त्या लागोपाठ येतात. कवीने मोजून केलं असा माझा दावा नाही. जिभेला मात्र ते जाणवतं.

वेळेचं म्हणाल तर साठ मुलांचे आठ गट करा, प्रत्येक गटाला एक ओळ. कर्ता शोधायला दहा मिनिटं पुरतात, कारण अडतं ते एकाच ओळीत. त्या गटाला आठवी ओळ मागावीच लागते.

एरंडवणे_वाचक

गटांची कल्पना चांगली आहे. माझं ‘गोड’वरचं भांडण मात्र शिल्लक आहे.

या आठ ओळींतली विशेषणं काढा: निळासांवळा, चिमुकले, दाट, हिरवी, पांढरी, अडवीतिडवी, काळ्या. सगळी डोळ्यांना दिसणारी. ‘गोड’ तेवढं दिसत नाही. ते बघणाऱ्याचं मत आहे. म्हणजे इतका वेळ बाजूला उभा असलेला बघणारा सातव्या ओळीत कवितेत येतो, आणि काळोख त्याला आवडलाय. हे का, याचं उत्तर कर्ता-कर्म लावून मिळत नाही. त्यासाठी ‘आनंदी आनंद गडे’ लिहिणाराच ‘पारवा’सारखी उदास कविताही लिहितो, हे मुलीसमोर ठेवावं लागतं. मृत्यूची तारीख नको, इथे मी पेठकरांशी सहमत आहे. पण या दोन कविता पहिल्याच तासाला वाचून दाखवाव्यात, अर्थ न सांगता. तिसऱ्या टिपणात औदुंबर काळिमा पसरतो इथवर ती पोचली आहे. तो काळिमा गोड कुणाला लागतो, हे तिने अजून विचारलेलं नाही.

पेठकर_३०

‘पारवा’ दुसऱ्या तासाला, कर्ता सापडल्यावर. त्याआधी नको. आधी वाचलं तर ‘गोड’ वाचण्याऐवजी ती उदासीच शोधत बसेल.