पुण्यात जाई आणि मधुमालती कधी लावावी?

फाटकावरची
फाटकाच्या कमानीवर मधुमालती चढवायची आहे आणि मागच्या भिंतीशी जाई. जागा जमिनीतच आहे, माती मुरमाड, ऊन दुपारपर्यंत. नर्सरीवाले म्हणतात मे संपत आलाय, आत्ताच न्या. सासूबाई म्हणतात मृग लागल्याशिवाय हात लावायचा नाही. कोणाचं ऐकू? आणि वाल कधी पेरू?

मातीतली
सासूबाईंचं ऐका, जमलं तर त्याहून थोडं उशिराच लावा. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो, पण लगेच पाऊस स्थिरावतोच असं नाही. वळवाच्या सरीने वरची दोन-चार बोटं माती भिजते, खाली ती तापलेलीच असते. त्यात लावलेलं रोप पुढे आठवडाभर पावसाने दडी मारली की माना टाकतं. वीतभर खणून मूठभर माती दाबून बघा. लाडू वळला आणि बोट लावताच सुटला, की लावायची वेळ झाली. आपल्याकडे हे बहुधा आर्द्रात जमून येतं, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात.

खड्डे मात्र आत्ताच खणा, दीड-दीड फुटांचे, आणि पाऊस येईपर्यंत उन्हात तापू द्या. भरताना मातीत तिसरा हिस्सा जुनं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. लावताना पिशवी ब्लेडने उभी चिरा. रोप खोडाला धरून ओढलं तर मुळांचा गोळा फुटतो आणि वेल कितीतरी दिवस नुसता बसून राहतो. काठी पहिल्याच दिवशी कमानीकडे तिरकी रोवा.

वालाचं गणित वेगळं. आपले जुने वेलवाल दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलत नाहीत. जूनमध्ये पेरलात तर पानांनी मांडव भरेल, शेंगा मात्र दिवाळीच्या आसपासच. जागा कमी असेल तर ऑगस्टअखेर पेरा. झुडपी जातींना हे लागू नाही.

रत्नांग्रीची आजी
पुण्याचं वेळापत्रक कोकणातल्या कुणी उचलू नका हो. आमच्याकडे जुलैत खड्ड्याचं डबकं होतं आणि कोवळं मूळ कुजतं. एकतर पहिल्या पावसातच लावून मोकळं व्हायचं, नाहीतर गणपती झाल्यावर. दोन्ही वेळा आळं न करता मातीचा उंचवटा करून. काकडी, पडवळ, दोडकी मात्र जूनमध्येच, मांडवाखाली.

नागपुरी वेल
आमच्याकडे जूनचा पहिला पंधरवडाही भाजून काढतो, त्यामुळे जुलैच उत्तम. हुकला तर ऑक्टोबर, पण मग उन्हाळाभर पाणी घालायची तयारी हवी. कडक थंडीत लावू नका, वेल वाढतच नाही.

फाटकावरची
सगळ्यांचे मनापासून आभार. आर्द्रात लावते. रोपं आत्ताच आणून ठेवू का?

मातीतली
आणा, पण पिशवीतच झाडाच्या सावलीत ठेवा आणि रोज पाणी द्या. शेजारीपाजारी जाई असेल तर विकत घेऊच नका. पाऊस लागला की त्यांची जमिनीलगतची एक लांब फांदी डोळ्याजवळ, म्हणजे पान फुटतं त्या गाठीजवळ, हलकी खरवडून मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा. शेंडा बाहेर राहू द्या. पावसाळा संपेपर्यंत मुळं धरते, मग मूळ वेलापासून कापून घ्या. मधुमालतीची पेन्सिलीएवढी जाड काडी चार डोळ्यांची घ्या, दोन डोळे मातीत, दोन वर.