पीटीईएन दोष असलेल्या मुलाच्या पाठीवरची गाठ काढावी का?

प्रश्न (भुसावळ): भाचा १२ वर्षांचा. डोकं वयाच्या मानाने मोठं, तपासणीत पीटीईएन (पेशींची वाढ आवरणारं जनुक) यात दोष निघाला. पाठीवर मऊ गाठ आहे, दुखत नाही. काढावी का?

उत्तर (जळगाव): भाऊ, घाई नको. बहुधा चरबीची असेल, पण या मुलांत रक्तवाहिन्यांचा गुंताही हाताला तसाच मऊ लागतो. न ओळखता चिरला तर रक्त आवरत नाही. आधी डॉपलर सोनोग्राफी (रक्तप्रवाह दाखवणारी), खोल असेल तर एमआरआय. दुखली किंवा झपाट्याने वाढली तर शस्त्रक्रिया, आणि काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवाच.

उत्तर (धुळे): पाठीपेक्षा गळ्याची काळजी घ्या, कळकळीने सांगते. ७व्या वर्षापासून दरवर्षी थायरॉईडची सोनोग्राफी हवी. या दोषात थायरॉईडमध्येही गाठी होतात; बहुतेक साध्याच, पण थायरॉईडचा कर्करोग लहान वयातही होतो. दोष आईवडिलांकडून आलेला असू शकतो, म्हणून त्यांचीही जनुक चाचणी करा.

प्रश्नकर्ता: सोनोग्राफी भुसावळलाच चालेल?

उत्तर (जळगाव): चालेल. चिठ्ठीवर 'पीटीईएन' लिहून घ्या, जुने रिपोर्ट सोबत न्या.