खोल बुडीच्या यानांचा नौदलाला खरा उपयोग किती?

ऐरोलीकर
‘मत्स्य-६०००’ हे खोल बुडीचं यान तिघांना घेऊन सहा हजार मीटर खाली जाणार, या बातमीवर आमच्या सोसायटीच्या ग्रुपात चार दिवस ‘आता शत्रूच्या पाणबुड्यांची खैर नाही’ हेच चाललंय. मला हे पटत नाही. मत्स्य ज्यातलं, ती समुद्रयान ही विज्ञानाची मोहीम आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण लढाईत तिचा उपयोग फार थोडा.

लढाऊ पाणबुड्या पाण्याच्या वरच्या काही शे मीटरच्या थरातच वावरतात. आणि आपल्या दाराशी धोका आहे तो उथळ पाण्यात. मुंबई हाय साधारण पंचाहत्तर-ऐंशी मीटर पाण्यात उभं आहे, तिथून उरणला येणारी पाइपलाइन त्याहून उथळ तळावरून येते. वर्सोव्याला उतरणाऱ्या केबल्सही किनाऱ्याजवळ तशाच. त्यांच्यावरच आमच्या ऐरोली-महापेची डेटा सेंटर्स चालतात. सप्टेंबर २०२२ मध्ये बाल्टिकमधली नॉर्ड स्ट्रीम फुटली तीही शंभर मीटरच्या आतच. अमेरिकेने १९७१ पासून ओखोत्स्क समुद्रात रशियाची केबल ऐकली ती जेमतेम सव्वाशे मीटरवर, आणि काम केलं ते पाणबुड्यांनी, म्हणजे बुडी मारणाऱ्या माणसांनी.

पैसा आधी या उथळ पट्ट्याच्या पहाऱ्यावर लागावा.

करंजा_बंदर
असहमत. लढाई म्हणजे फक्त टॉर्पेडो नव्हे. पडलेली वस्तू कोण आधी उचलतो, हीसुद्धा लढाईच. जानेवारी १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेस गावावर अमेरिकेची दोन विमानं धडकली आणि एक हायड्रोजन बॉम्ब समुद्रात गेला. तो नेमका कुठे पडला हे एका मच्छीमाराने पाहिलं होतं. त्याने दाखवलेल्या पाण्यात माणसं बसलेलं ‘अॅल्विन’ उतरलं आणि पाऊण किलोमीटरहून खोल तळावर बॉम्ब सापडला. आम्हा कोळ्यांना यात नवल वाटत नाही, कुठल्या पाण्यात काय गेलं ते नाखवा विसरत नाही. पण खाली जायला यानच नसतं तर त्याच्या सांगण्याचा काय उपयोग झाला असता?

ऐरोलीकर
दादा, बॉम्ब सापडला अॅल्विनला, पण वर काढला तो ‘कर्व्ह’ने. त्यात माणूस नव्हता, केबलवर चालणारं यंत्र होतं. तेही १९६६ साली.

घोडबंदरवाली
बचावाबद्दल कोणीच बोलत नाहीये. पाणबुडी बुडाली तर आतल्या माणसांना काढणारं डीएसआरव्ही आपल्या नौदलाकडे २०१८ पासून आहे, ६५० मीटरपर्यंत जातं. जुलै २०२५ मध्ये ‘निस्तार’ हे मदतीचं जहाजही आलं. २००० साली रशियाची पाणबुडी ‘कुर्स्क’ फक्त १०८ मीटरवर पडली होती, तरी स्फोटानंतर आत जिवंत राहिलेल्या तेवीस जणांपर्यंत कोणी वेळेत पोहोचलं नाही. आपल्याला काढायला कोणीतरी येईल हा भरवसा नसेल तर पोरं पाणबुडीवर जातील कशी? मला हा सगळ्यात मोठा लष्करी उपयोग वाटतो.

ऐरोलीकर
ताई, डीएसआरव्हीला माझा शंभर टक्के पाठिंबा. पण त्यात माझाच मुद्दा आहे. इंडोनेशियाची ‘नांग्गाला’ २०२१ मध्ये ८३८ मीटरवर तुकड्यांत सापडली, ५३ जण गेले. तेवढ्या खोलीआधीच पाणबुडीचं कवच चिरडतं, म्हणून बचावाला सहा हजार मीटरची गरजच पडत नाही.

खारेगाव_खाडी
बचावाला नाही, शोधाला पडते. हवाई दलाचं एएन-३२ विमान जुलै २०१६ मध्ये २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. अवशेष ओळखले गेले ते जानेवारी २०२४ मध्ये, चेन्नईपासून ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोल. साडेसात वर्षं त्या घरांनी काय काढली असतील! उद्या असंच आपलं क्षेपणास्त्र किंवा लढाऊ विमान खोल समुद्रात पडलं आणि दुसऱ्याने ते आधी उचललं तर? अमेरिकेने १९७४ मध्ये रशियाच्या के-१२९ पाणबुडीचा तुकडा जवळपास पाच हजार मीटरवरून वर आणला होता.

ऐरोलीकर
एएन-३२ शोधलं चेन्नईच्या एनआयओटी या सागरी तंत्रज्ञान संस्थेच्या मानवरहित यानाने. के-१२९ ला जहाजावरून सोडलेला भलामोठा पंजा होता. दोन्हींत तळाशी माणूस नव्हता.
आणखी एक. मत्स्य उतरणार ते डोक्यावर जहाज उभं ठेवून. ते जहाज कोणालाही दिसणार. रशियाने ‘लोशारिक’ ही खोल जाणारी छोटी पाणबुडी मोठ्या पाणबुडीच्या पोटाखाली नेण्याची सोय केली ती यासाठीच, आणि २०१९ च्या आगीत तिच्यावरचे १४ जण गेले. गुप्तपणे खाली राहण्याची किंमत ही आहे.

करंजा_बंदर
मानवरहित चालेल, पण ते बनवणार कोण? पाण्यात रेडिओ चालत नाही, सगळं बोलणं ध्वनीवर. सहाशे वातावरणांचा दाब सोसणारा, ८० मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोल इस्रोने वेल्ड करून दिला. माणसाचा जीव आत असतो म्हणून प्रत्येक सांधा, प्रत्येक बॅटरी दहादा तपासली जाते. तीच माणसं, तीच चाचणीची सोय पुढे नौदलाच्या यंत्राला लागणार. हे आयतं कोणी विकत नाही.

घोडबंदरवाली
हे पटलं. पण मग बातमीत ‘शस्त्र’ म्हणू नये, ‘कारखाना’ म्हणावं.

ऐरोलीकर
करंजा दादा, कौशल्याचा मुद्दा मान्य, क्रमाचा नाही. मुंबई हाय ते उरण या पट्ट्यात तळावर रोज फिरणारी दहा छोटी यंत्रं आधी हवीत. सहा हजार मीटर त्यानंतर.

करंजा_बंदर
दहा काय, वीस आणा. आमच्या बोटी त्याच पाण्यात असतात, यंत्रं सोडायला-उचलायला आम्ही येऊ. पण चेन्नईचं मत्स्यचं काम त्यासाठी एक दिवसही थांबू नये.