मदत हवी आहे : जुन्या टाटा ४०७ ट्रकच्या पुढच्या डाव्या चाकाची घरघर, बेरिंग की किंगपिन?

नमस्कार मंडळी,

आमची टाटा ४०७ जुनी आहे. मोहोळ भागातला कांदा सोलापूरच्या मार्केट यार्डात टाकतो, एरवी मिळेल ते भाडं. सध्या पुढून डाव्या बाजूला घरघर येतेय. चाळीसच्या पुढे सुरू होते, स्पीडबरोबर वाढते, गिअर बदलला तरी सूर तोच. स्टेअरिंग जरा उजवीकडे घेतलं की आवाज चढतो, डावीकडे घेतलं की जवळजवळ गप्प. गाडी भरलेली असली की विचारूच नका.

परवा केगावजवळ थांबून बघितलं. उजव्या ड्रमवर हात ठेवता येत होता, डाव्यावर पाणी शिंपडलं तर चर्र झालं. रिमच्या आतल्या अंगाला काळं ग्रीस उडालंय. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं तर खटखट लागते.

एक मिस्त्री म्हणतात, "किंगपिन गेलंय की ओ, सेटच टाका." (किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ.) दुसरे म्हणतात फक्त बाहेरचं बेरिंग बदला, कप (बेरिंगची बाहेरची कडी) आहे तोच चालतोय. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, कप सैल निघाला तर पंच मारून घट्ट करू, असंही म्हणाले. सीझन चालू आहे, गाडी दोनदा खोलायची नाही. नक्की काय करू?

प्रतिसाद (होटगी रोड)

दादा, खोलायच्या आधी एक करा. चाक जॅकवर असताना कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा वर-खाली हलवा. खटखट बंद झाली तर प्ले (ढिलेपणा) बेरिंगचा. ब्रेक दाबूनही राहिली तर किंगपिन. मग ब्रेक सोडून एक हात स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवा, दुसऱ्याने चाक फिरवा. बेरिंग खराब असलं तर हाताला खरखर कळते. नुसत्या गरम ड्रमवर जाऊ नका, ब्रेक धरत असला तरी ड्रम तापतो.

प्रतिसाद (जुना फिटर)

कप तोच ठेवा म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. टेपर (निमुळत्या रोलरच्या) बेरिंगचा कप आणि कोन (रोलर असलेला आतला भाग) जोडीनेच बदलायचे. जुन्या कपवर रोलरचे व्रण असतात, नवा कोन त्यावर टिकत नाही. हब उघडलंच आहे तर आतलं, बाहेरचं दोन्ही बेरिंग आणि ग्रीस अडवणारं सील नवीन टाका. सील गेलंय म्हणूनच रिमवर ग्रीस आलंय. तेच ग्रीस ब्रेकच्या लायनरला लागलं असेल तर लायनरही बदला, धुऊन भागत नाही.

नवा कप बसवताना जुना कप उलटा धरून त्यावरून ठोका, पण आधी ग्राइंडरने त्याला एक चीर द्या, नाहीतर तोच आत अडकतो. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो.

पंच मारणं म्हणजे जुगाड, थोडे दिवस धरतं आणि लोड पडला की कप पुन्हा फिरतो. सैल असेल तर हब बदला किंवा चांगल्या लेथवाल्याकडून स्लीव्ह (आतून पातळ नळी) मारून घ्या. स्टब एक्सलवर (हब ज्यावर फिरतो तो दांडा) बेरिंग बसतं ती जागा तापून निळी पडली आहे का तेही बघा.

धागाकर्ता

आभार दोघांचे. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली, म्हणजे किंगपिनचा खर्च वाचला. हब उघडलं, आतल्या बेरिंगच्या रोलरचे पापुद्रे निघालेत. कप मात्र हबमध्ये घट्ट आहे. नट किती आवळायचा?

प्रतिसाद (जुना फिटर)

हब हाताने फिरवत फिरवत आवळा, जड झालं की सोडा, मग हलका प्ले राहील इतपत आणून जवळच्या खाचेत नवी स्प्लिट पिन टाका, म्हणजे नट फिरणार नाही. जोर लावून ठेवलात तर नवं बेरिंगही जळेल. ग्रीस रोलरच्या आतपर्यंत दाबून भरा, पण हब गच्च भरू नका, तापलं की सीलमधून बाहेर येतं. आणि बेरिंग धुतल्यावर पोरं हवेच्या पाइपने भिंगरीसारखं फिरवतात, ते करू देऊ नका. थोडं चालवून डावा-उजवा हब हात लावून बघा, मगच कांदा भरा.